घरगुती सागरी मत्स्यालय : पाणी आधी, मासे मागाहून

बीड तालुक्यातील पालीजवळ बिंदुसरा नदी अडवून जलाशय झालेला आहे. त्यामुळे मासा हा या भागातील लोकांना नवा नाही. परंतु हा मासा गोड्या पाण्यातला. गेल्या उन्हाळ्यात पाली येथील एका शेतकरी कुटुंबातील तरुणाने प्रस्तुत लेखकास निराळाच प्रश्न विचारला. घरात काचेच्या टाकीत समुद्राचे पाणी तयार करून त्यात प्रवाळ व रंगीत मासे ठेवता येतील काय, आणि त्यास प्रारंभ कसा करावा, असा तो प्रश्न होता. असे प्रश्न ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांकडे आता वरचेवर येतात. त्यांना हसून वाटेस लावणे योग्य नाही. तसेच पुरता विचार न करता होकार देणेही योग्य नाही. या विषयाचे मर्म शेतकऱ्यास इतरांपेक्षा लवकर कळेल, कारण ते जमिनीच्या मशागतीसारखेच आहे. पेरणीपूर्वी जमीन तयार करावी लागते, तद्वत मासे आणण्यापूर्वी पाणी तयार करावे लागते.

प्रवाळ म्हणजे काय?

प्रवाळ हा दगड नव्हे व वनस्पतीही नव्हे. तो अतिशय लहान प्राण्यांचा समूह असून, त्यांतील कित्येक जाती पाण्यातील चुना घेऊन आपल्याभोवती कठीण सांगाडा रचतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहते. हे शेवाळ सूर्यप्रकाशात अन्न तयार करून त्याचा मोठा वाटा प्रवाळास देते व मोबदल्यात आसरा घेते. हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींत जिवाणू राहतात आणि पिकास नत्र पुरवितात, तशीच ही भागीदारी होय. पाण्याची उष्णता नेहमीच्या उन्हाळी मर्यादेपेक्षा एखाद्या अंशाने वाढून काही आठवडे टिकली, तरी ही भागीदारी मोडते. शेवाळ बाहेर पडते, प्रवाळ पांढरे पडते आणि अखेरीस मरते.

अशी प्रवाळे आपल्या राज्यातही आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात ती आढळतात, व तेथे १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य घोषित करण्यात आले. विजयदुर्गच्या पश्चिमेस शंभराहून अधिक किलोमीटरवर समुद्रात बुडालेला ‘आंग्रिया बँक’ हा उंचवटा आहे; कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे नाव त्यास मिळालेले आहे. तेथेही प्रवाळांची वस्ती आहे.

कायद्याची मर्यादा

पुढील गोष्ट कार्यकर्त्यांनी प्रथमच स्पष्ट करावी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखा इत्यादींना संरक्षण दिलेले आहे. समुद्रघोडाही संरक्षित प्राण्यांत मोडतो. समुद्रकाठी अथवा शहरातील बाजारात कोणी ‘जिवंत दगड’ किंवा प्रवाळाचा तुकडा देऊ केला, तरी तो घेऊ नये. कोणत्याही जातीच्या प्रवाळाविषयी वन विभागाचे लेखी उत्तर हाती आल्याशिवाय ते घरी आणू नये. याचा अर्थ छंद सोडून द्यावा असा नाही. भाजलेल्या मातीचे किंवा सिमेंटचे सच्छिद्र कृत्रिम खडक रचून त्यांवर सागरी जीवनाची लहानशी वस्ती निर्माण करता येते. पहिल्या टाकीस एवढे पुष्कळ होय.

प्रथम पाण्याचा हिशेब

नव्वद सेंटिमीटर लांब, पंचेचाळीस रुंद व पन्नास उंच अशा टाकीत सुमारे २०० लिटर पाणी मावते. नवशिक्याने याहून लहान टाकी घेऊ नये. थोड्या पाण्यात उष्णता व क्षार झपाट्याने बदलतात आणि चूक सुधारण्यास अवधी मिळत नाही. भरलेल्या टाकीचे वजन खडक व वाळू धरून सुमारे तीन क्विंटल, म्हणजे ज्वारीच्या तीन पोत्यांइतके होते. सबब ती माळवदावर अथवा साध्या टेबलावर न ठेवता तळमजल्याच्या पक्क्या फरशीवर, मजबूत चौकटीवर ठेवावी.

विहिरीचे किंवा विंधन विहिरीचे पाणी सागरी टाकीस चालत नाही. त्यातील नत्र व स्फुरद यांमुळे नको असलेले शेवाळ माजते आणि मुळातील क्षारांमुळे आपला मिठाचा हिशेब चुकतो. गावातील जारचे पाणी पिण्यास चांगले असले, तरी त्यात बहुधा काही क्षार राहिलेले असतात. यासाठी आरओ यंत्राचे व त्यापुढे क्षार शोषणाऱ्या नळीतून काढलेले शुद्ध पाणी लागते. घरगुती यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे सुमारे तीन लिटर पाणी बाहेर टाकते, असे धरून चालावे.

आता आठवड्याचा खर्च पाहू. दर आठवड्यास टाकीतील एक दशांश, म्हणजे २० लिटर पाणी बदलावयाचे. उन्हाळ्यात रोज दोन ते तीन लिटर पाण्याची वाफ होते. तिच्या भरपाईस आणखी सुमारे २० लिटर. एकूण ४० लिटर शुद्ध पाण्यासाठी १६० लिटर कच्चे पाणी लागेल. जल जीवन मिशनने ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे. म्हणजे ही टाकी एका माणसाचे जवळजवळ तीन दिवसांचे पाणी दर आठवड्यास मागणार. यंत्रातून बाहेर पडणारे १२० लिटर पाणी भांडी, फरशी व शौचालय यांसाठी वापरल्यास हा भार बराच हलका होतो. तथापि ज्या वस्तीस उन्हाळ्यात टँकरचे पाणी मिळते, तेथे सागरी टाकीचा विचार करू नये. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे मराठवाड्यातील कोणीही विसरलेले नाही.

खारे पाणी तयार करणे

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी सुमारे ८५ टक्के भाग सोडियम व क्लोराइड यांचा असून उरलेला मॅग्नेशियम, गंधक, कॅल्शियम, पालाश इत्यादींचा असतो. म्हणून स्वयंपाकाचे मीठ पुरत नाही. मत्स्यालयासाठी तयार केलेले मिश्र मीठच वापरावे. २०० लिटरला ते सुमारे सात किलो लागते. मीठ वेगळ्या पिंपात, पंप चालू ठेवून, एक दिवस आधी विरघळवावे. मासे असलेल्या टाकीत कोरडे मीठ कधीही टाकू नये.

दूध केंद्रावर दुग्धमापीने दुधाची घनता पाहतात, त्याच तत्त्वावर येथे घनतामापी चालते. तिची नोंद १.०२५ च्या आसपास असावी. पाण्याची वाफ होते तेव्हा पाणी जाते, क्षार मागे राहतात. कालव्याखालील जमिनीवर पांढरी खार फुलते, ती याच कारणाने. म्हणून वाफेची भरपाई नेहमी गोड्या शुद्ध पाण्याने करावी, खाऱ्याने नव्हे. ही एक गोष्ट न समजल्यामुळे टाकीतील क्षार चढत जातात व मासे दगावतात.

पाण्याची मशागत

मासे अमोनिया बाहेर टाकतात व तो त्यांनाच विषारी असतो. जमिनीत शेणखतातील अमोनियाचे जिवाणू प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. नेमकी हीच क्रिया टाकीतील खडकांच्या छिद्रांत व्हावी लागते. दोन निरनिराळ्या गटांचे जिवाणू हे काम करतात आणि त्यांची वाढ होण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. नायट्राइटही अपायकारकच, नायट्रेट त्या मानाने सौम्य असून पाणी बदलल्याने कमी होते.

प्रस्तुत लेखकाने विद्यार्थिदशेत पहिली टाकी मांडली, तेव्हा पाणी स्वच्छ दिसते एवढ्यावरून तिसऱ्याच दिवशी चार मासे सोडले. आठव्या दिवशी एकही उरला नाही. दोष माशांचा नव्हता व विकणाऱ्याचाही नव्हता. पाणी डोळ्यांस निर्मळ असले, तरी त्यात काम करणारे जिवाणू तयार झालेले नव्हते. नांगरट न करता बी फेकणाऱ्यासारखी ती घाई होती.

सबब पुढील क्रम पाळावा :

१. पहिला आठवडा : टाकी, खडक, वाळू व पंप मांडून खारे पाणी भरावे. गळती, उष्णता व घनता यांची नोंद वहीत रोज करावी.

२. दुसरा ते सहावा आठवडा : मत्स्यालयासाठी मिळणारे अमोनियाचे द्रावण टाकून दर लिटरला सुमारे दोन मिलिग्रॅम एवढे प्रमाण करावे. तपासणी संचाने अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट दर दोन-तीन दिवसांनी मोजावे.

३. टाकलेला अमोनिया चोवीस तासांत नाहीसा होऊन नायट्राइटही शून्यावर आला, म्हणजे पाणी तयार झाले असे समजावे. त्यानंतर बरेचसे पाणी बदलून साठलेले नायट्रेट कमी करावे.

४. नंतरच दोन लहान मासे आणावेत. ते आधी वेगळ्या टबात तीन ते चार आठवडे ठेवून रोग नाही याची खात्री करावी. पुढचा मासा एक महिन्याने. २०० लिटरमध्ये चार-पाच लहान माशांहून अधिक ठेवू नयेत.

मासे निवडताना समुद्रातून पकडलेल्यांपेक्षा हौदात पैदास केलेले घ्यावेत. क्लाउन मासा यासाठी उत्तम. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचे तंत्र बसविले आहे. असा मासा टाकीतील खाद्यास सरावलेला असतो व त्यासाठी प्रवाळाची वस्ती ओरबाडावी लागत नाही.

उष्णता व वीज

टाकीतील पाणी २४ ते २७ अंश सेल्सियस असावे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत बाहेर ४० अंशांवर पारा जातो. टाकी खिडकीजवळ किंवा पत्र्याच्या खोलीत न ठेवता जाड भिंतींच्या, आतल्या खोलीत ठेवावी. पाण्याच्या पृष्ठभागावरून लहान पंख्याचा वारा सोडल्यास, माठातील पाणी गार होते त्याच न्यायाने, पाणी दोन ते चार अंश उतरते. मात्र वाफ वाढते, हे पाण्याच्या हिशेबात धरलेले असावे. एवढ्यानेही पारा उतरत नसेल, तर शीतयंत्राचा खर्च पेलणार काय, याचा विचार आरंभीच करावा. वीज गेल्यास पंप थांबतो व पाण्यातील प्राणवायू घटतो. यासाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप पहिल्या दिवसापासून घरात हवा. जेथे वीज तासन्‌तास जाते, तेथे हा खर्च टाळता येत नाही.

टाकलेले खारे पाणी कोठे जाणार?

शहरातील पुस्तके हा प्रश्न क्वचितच विचारतात. शेतकऱ्याने तो प्रथम विचारावा. आठवड्यास २० लिटर पाण्याबरोबर ७०० ग्रॅम क्षार बाहेर पडतात. वर्षात ते ३६ किलोंवर जातात. हे पाणी परसातील एकाच गुंठ्यावर ओतले, तर एकरी हिशेबाने ते सुमारे १,४५० किलो क्षार झाले. आपली काळी चिकण जमीन सोडियमने घट्ट होते, तिच्यातील कण विस्कळीत होऊन पाणी मुरत नाही व हवा खेळत नाही. बिघडलेली जमीन सुधारण्यास जिप्सम, निचरा व वर्षे लागतात. हे पाणी शेतात, विहिरीजवळ, उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकू नये. जाड प्लॅस्टिक अंथरलेल्या उथळ वाफ्यात ते उन्हात आटवावे व उरलेले मीठ पोत्यात भरून कोरड्या जागी ठेवावे. ते जनावरांना चाटू देऊ नये. पावसाळ्यात वाफा झाकावा व पाणी पिंपात साठवावे. एवढी तजवीज होत नसेल, तर टाकी मांडू नये.

मधली पायरी

पालीच्या त्या तरुणास प्रस्तुत लेखकाने नकार दिला नाही. एक वर्ष मागून घेतले. त्याने प्रथम गोड्या पाण्याची टाकी मांडावी, असे ठरले. आपल्याकडील जड पाणी गप्पी व मोली या माशांना मानवते, आणि टाकलेले पाणी परसातील झाडांना खुशाल घालता येते. जिवाणूंची क्रिया, पाणी बदलणे, नोंदवही आणि उन्हाळ्यातील देखरेख हे सर्व तेथेच शिकून होते. मोली मासा हळूहळू, पुष्कळ दिवसांत क्षार वाढवीत नेल्यास समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यातही राहू शकतो. म्हणून गोड्यातून खाऱ्याकडे जाण्यास तो चांगला सोबती ठरतो. या तरुणाने एक उन्हाळा नोंदी ठेवल्या. मे महिन्यात आतल्या खोलीतही पाणी ३३ अंशांवर गेल्याचे त्याच्याच वहीत आढळले. माशांचे दुकान किंवा अधिकारी यांपैकी कोणी जे पटवू शकले नसते, ते त्या आकड्याने पटविले. आता तो टाकीची जागा बदलून दुसऱ्या उन्हाळ्याच्या नोंदी घेत आहे. सागरी टाकीचा निर्णय तो त्यानंतर घेईल.

कार्यकर्त्यांस सूचना

असा प्रश्न घेऊन कोणी आल्यास पाच गोष्टी विचाराव्यात : उन्हाळ्यात घरास स्वतःचे पाणी आहे काय? वीज किती तास जाते? मे महिन्यात खोलीतील पाण्याची उष्णता किती? खारे पाणी टाकण्याची सोय कोणती? सहा आठवडे रिकाम्या टाकीकडे पाहत बसण्याचा धीर आहे काय? या पाचांची उत्तरे समाधानकारक असल्यास उत्तेजन द्यावे. एकाचे जरी नसले, तरी गोड्या पाण्याची टाकी सुचवावी.

मुंबईस १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्‌घाटन झाले, तेव्हा समुद्र त्याच्या दाराशीच होता. पालीस समुद्र नाही. तो मोजून, मापून, घरीच करावा लागतो. ज्याने बियाण्याआधी जमीन ओळखली आहे, त्यास हे अवघड नाही. फक्त मासा हा या कामातला पहिला खर्च नसून शेवटचा खर्च आहे, हे ध्यानात ठेवावे.