अध्यक्षपदाची अर्हता आणि अधिकारपृच्छा

१९७० च्या अधिनियमाने स्थापिलेल्या भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेत अध्यक्षाची निवड सदस्य आपल्यामधूनच करीत, आणि बहुसंख्य सदस्य निर्वाचित असत. २०२० च्या अधिनियमाने त्या जागी राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोग आणला. त्याच्या अध्यक्षाची नियुक्ती मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालील शोधसमितीच्या शिफारशीवरून केंद्र शासन करते. निवडणुकीचा अंकुश गेल्यावर कायद्यातील अर्हतेचे महत्त्व वाढते. ती अशी: पदव्युत्तर पदवी, किमान वीस वर्षांचा अनुभव व त्यांपैकी दहा वर्षे नेतृत्व.

२०२१ मध्ये नियुक्त झालेल्या पहिल्या अध्यक्षांनी पदव्युत्तर पदवी न घेता पीएच.डी. केली होती. पीएच.डी. त्या पदवीची उणीव भरून काढत नाही, असे ठरवून दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये नियुक्ती रद्द केली. या निर्णयाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्यात आली. खटकते ती वेळ. चार वर्षांचा कार्यकाळ संपत आला असताना निर्णय यावा, हे वैद्यवर्गाच्या आणि त्या पदाधिकाऱ्यांच्याही हिताचे नव्हे. कागदपत्रे आरंभीच सर्वांसमोर आली असती, तर वाद तेथेच मिटला असता.

अशा याचिकेस 'अधिकारपृच्छा' म्हणतात. पद सार्वजनिक असावे आणि नियुक्ती वैधानिक नियमांविरुद्ध असावी, एवढेच दाखवावे लागते. याचिकाकर्त्याचे व्यक्तिगत नुकसान झालेले असावे लागत नाही. मात्र उमेदवारांपैकी अधिक योग्य कोण, हे न्यायालय सहसा ठरवीत नाही.

चरकाचार्यांनी वैद्याचे चार गुण सांगितले: शास्त्रज्ञान, कर्मानुभव, दक्षता व शौच. पहिले दोन प्रमाणपत्रांवरून तपासता येतात. शौचासाठी कायद्याने मत्ता, दायित्वे आणि व्यावसायिक हितसंबंध यांचे घोषणापत्र प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले आहे. ते आपल्यापैकी किती जण वाचतात?

औषधालयचालकांनी औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० चे कलम ३३-सी पाहावे. तेथील तांत्रिक सल्लागार मंडळावर आयुर्वेदीय औषधउद्योगाचा एक आणि आयुर्वेद व्यावसायिकांचा एक प्रतिनिधी असतो. दोघेही केंद्र शासननियुक्त. नावे कोणत्या निकषांवर निवडली, याच्या नोंदी मीरा-भाईंदरच्या औषधालयचालकालाही माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली मागता येतात. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्जात 'का' विचारू नये. निकषांची प्रत, बैठकीचे इतिवृत्त व नियुक्ती आदेश अशी कागदपत्रे नावानिशी मागावीत.