शेण कुठे ठेवायचे?

गेल्या शनिवारी आपला वर्ग भरला तो इथल्याच, इंग्लंडमधल्या एका छोट्या शेतावर. चाळीस दुभत्या गाई आणि २० हेक्टर, म्हणजे सुमारे ५० एकर कुरण. मालकीणबाईंना मुले पाच मिनिटांतच ‘काकू’ म्हणू लागली. नाके दाबून झाल्यावर एकीने विचारले, “माझी आजी शेणाच्या गोवऱ्या थापते. तुम्ही काय करता?”

इथल्या ओल्या हवेत गोवऱ्या वाळायच्या कधी? थंडीत गाई गोठ्यात असतात. शेण, मूत्र आणि गोठा धुतलेले पाणी मिळून जो पातळ रबडा होतो, त्याला स्लरी म्हणतात. तिच्यात नायट्रोजन असतो, म्हणून गवताला ती उत्तम खत. पण जमिनीत या नायट्रोजनचे नायट्रेट बनते आणि ते माती धरून ठेवत नाही. थंडीत गवत वाढत नाही, वरून पाऊस. मग नायट्रेट पाण्याबरोबर झिरपत थेट विहिरीत!

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे. त्याहून फार वाढले तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होऊ शकते. काकूंच्या घरी विहिरीचेच पाणी येते, आणि घरात तीन महिन्यांची नात आहे. तिचे बाटलीचे दूध याच पाण्यात कालवतात.

युरोपात याविषयी १९९१ साली कायदा झाला आणि इंग्लंडचे नियम त्यातूनच आले. नायट्रेटचा धोका असलेल्या भागात विहिरीपासून ५० मीटरच्या आत स्लरी टाकायची नाही. काकूंच्यासारख्या चिकणमातीच्या कुरणावर १५ ऑक्टोबर ते ३१ जानेवारी अजिबात नाही. शिवाय जनावरांच्या खतातला नायट्रोजन वर्षाला हेक्टरी सरासरी १७० किलोच.

आता पाट्या काढा! वर्षाला ६००० ते ९००० लिटर दूध देणाऱ्या गाईमागे सरकारी तक्त्यात १०१ किलो नायट्रोजन धरतात. चाळीस गाईंचा झाला ४०४० किलो. वीस हेक्टरांना चालतो ३४००. उरलेल्या ६४० किलोंची स्लरी गहू पिकवणारे शेजारी नेतात. अर्थात त्यांच्या शेतालाही मर्यादा आहेच.

खरी पंचाईत टाकीची. पाच महिन्यांची स्लरी मावायला हवी. गाईमागे रोज ५३ लिटर, म्हणजे दीडशे दिवसांत ३,१८,००० लिटर. त्यात पाऊस! गोठ्याचे छप्पर ५०० चौरस मीटर. त्यावर ४०० मिलिमीटर पाऊस पडला की दोन लाख लिटर पाणी. मागच्या हिवाळ्यात पन्हळ फुटली होती, हे सगळे पाणी अंगणातल्या शेणावरून वाहत टाकीत गेले. जानेवारीच्या मध्यालाच टाकी काठोकाठ. कुरणावर सोडावी तर कायदा आडवा आणि खाली आपलीच विहीर. काकूंना रात्र रात्र झोप नव्हती. शेवटी पदरचे पैसे मोडून टँकरने शेजाऱ्यांच्या रिकाम्या टाकीत स्लरी नेली. आता पन्हळ नवी आहे, छपराचे स्वच्छ पाणी वेगळे ओढ्याला जाते. नव्या टाकीपेक्षा पन्हळ कितीतरी स्वस्त, असे काकू दोनदा म्हणाल्या.

टाकी आम्ही कुंपणाबाहेरूनच पाहिली. स्लरी ढवळताना विषारी वायू सुटतो, त्यात माणसे दगावली आहेत.

शब्दार्थ : पन्हळ – छपराचे पाणी वाहून नेणारी नळी. कुरण – चराईची जमीन.

घरी सोडवा : शेजाऱ्यांनी स्लरी न्यायची बंद केली, तर काकूंना किती गाई ठेवता येतील? आई-बाबांची मदत चालेल. उत्तर पुढच्या अंकात.