द्रुइडांची लुप्त वनौषधिविद्या आणि कोकणातील देवराई

गॉल (म्हणजे प्रामुख्याने आजचा फ्रान्स) आणि ब्रिटन येथील केल्ट लोकांच्या विद्वान पुरोहितांस द्रुइड म्हणत. यज्ञकर्म, न्यायदान व कालगणना यांबरोबरच वनस्पतींचे ज्ञानही त्यांच्याकडे असे. संस्कृतातील ‘द्रु’ म्हणजे वृक्ष व ‘विद्’ म्हणजे जाणणे. द्रुइड हा शब्द याच मुळांशी सगोत्र असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात.

रोमन सेनानी ज्युलियस सीझर याने इ. स. पूर्व पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे की, द्रुइडांचा काही शिष्यवर्ग 20 वर्षेपर्यंत अध्ययन करी आणि ही विद्या लिहून ठेवणे ते निषिद्ध मानीत. पुढच्या शतकातील प्लिनी त्यांच्या औषधिसंग्रहाचा विधी देतो. ओक वृक्षावरील बांडगूळ चंद्राच्या सहाव्या दिवशी, शुभ्रवस्त्रधारी पुरोहिताने सोन्याच्या कोयत्याने कापावयाचे व ते शुभ्र वस्त्रात झेलावयाचे. विषनाशक व वंध्यत्वहर म्हणून त्याची ख्याती होती. हे वाचताना वैद्यास चरकसंहितेच्या कल्पस्थानाचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. तेथेही शुचिर्भूत, शुक्लवस्त्रधारी व उपोषित वैद्याने देवतापूजन करून पूर्वेस वा उत्तरेस मुख करून औषधी घ्यावी, असे सांगितले आहे. या साम्यावरून दोहोंचा संबंध जोडण्याचा मोह मात्र आवरावा. चरकाने त्याच ठिकाणी मुळे ग्रीष्मात वा शिशिरात, तर त्वचा, कंद व क्षीर शरदात घ्यावे, असा व्यवहार्य उपदेशही नोंदवला आहे. द्रुइडांनी असे काही जाणले असल्यास ते आपणापर्यंत आलेले नाही.

इ. स. 60 च्या सुमारास रोमन सैन्याने मोना (आजचे अँगलसी) बेटावर चढाई करून तेथील पवित्र वनराया तोडल्या. वने गेली, गुरुपरंपरा खुंटली आणि ग्रंथ नसल्याने द्रुइडांविषयी जे उरले ते प्रायः परक्यांच्या, बऱ्याच अंशी शत्रूंच्या लेखणीतून. पुढे अठराव्या शतकात इंग्लंडमधील हौशी अभ्यासकांनी ही पोकळी कल्पनेने भरली. स्टोनहेंजचे शिलावर्तुळ द्रुइडांनी उभारले ही समजूत तेव्हाच रुजली. वस्तुतः त्या प्रचंड शिला द्रुइडांच्या पहिल्या उल्लेखांपूर्वी सुमारे दोन हजार वर्षे उभ्या होत्या.

आपल्याकडे पवित्र वने अद्याप आहेत. सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास डॉ. माधव गाडगीळ व डॉ. वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात प्रसिद्ध केला. देवाच्या भयाने कुऱ्हाड न लागलेल्या या रायांत जुने वृक्ष व महावेली टिकून आहेत. परंतु वन राहिले तरी ते जाणणारा हवा. रायगड जिल्ह्यातील ठाकूर व कातकरी समाजांत हे ज्ञान मुखोद्गत आहे. खैरापासून कात काढणारे ते कातकरी. ज्या खदिरास चरकाने कुष्ठघ्न द्रव्यांत अग्र्य मानले, तो जंगलात ओळखून आणणारे हे लोक. गवळी, मेंढपाळ व वनवासी औषधींस नामरूपाने ओळखतात, असे चरक सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात म्हणतो. योजना जाणणे हे वैद्याचे काम.

आज नामरूपाचीच अडचण आहे. अशोकाच्या सालीत आसुपालवाची साल मिसळलेली येते. नरक्याची वने कर्करोगावरील औषधाच्या मागणीपायी ओरबाडली गेली. गव्हाणजवळची उलव्याची टेकडी विमानतळासाठी सपाट झाली. तिच्यावरची झुडपे कोण कशासाठी वापरीत असे, हे आता विचारावयाचे तरी कोठे उभे राहून?

कायद्याचाही विचार येथे येतो. जैवविविधता कायदा 2002 चा. त्यात 2023 साली झालेल्या दुरुस्तीने संहिताबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापरास व नोंदणीकृत आयुष वैद्यांस सवलती दिल्या. आपणांस ही सोयीची गोष्ट. परंतु कातकरी म्हातारीचे ज्ञान कोणत्याच संहितेत नाही. ते ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत येऊ शकते, तेही कोणी तेथे नेले तर.

औषधी विकावयास येणाऱ्या व्यक्तीस वैद्याने वा औषधालयचालकाने स्थानिक नाव, घेतलेले अंग, महिना, स्थळ व तिच्या घरचा वापर विचारावा, आणि तिच्या संमतीने तिच्याच नावे लिहून ठेवावा. फुलाफळांसह एक फांदी दाबून, वाळवून चिकटवली म्हणजे पुढे शंका उरत नाही. बांडगुळाच्या (वंदाकाच्या) बाबतीत आश्रयवृक्ष कोणता, आंबा की मोह, हेही अवश्य लिहावे.