भुलीचे औषध आणि शुक्रजंतूंची चाल

दात काढताना किंवा जखमेला टाके घालताना आम्ही जागा बधिर करण्यासाठी जे इंजेक्शन देतो, ते बहुधा लिग्नोकेनचे असते. गुरांचे डॉक्टरही हेच वापरतात. अडलेल्या गाईच्या शेपटीच्या मुळाशी ते टोचले की तिचे जोर करणे कमी होते आणि वासरू सरळ करता येते. पण हेच औषध वीर्यात मिसळले तर काय होईल?

नसेच्या आवरणात सोडियमची सूक्ष्म दारे असतात. औषध ती बंद करते, म्हणून वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही. शुक्रजंतूच्या आवरणातूनही क्षारांची ये-जा चालते. त्यातल्या कॅल्शियमवर शेपटीचे फटके अवलंबून असतात. प्रयोगशाळेत वळूच्या किंवा घोड्याच्या वीर्यात प्रोकेन हे जुने भुलीचे औषध ठराविक प्रमाणात घातले, तर शुक्रजंतू बधिर न होता उलट शेपटी जोरजोराने आपटू लागतात. भुलीच्या औषधांचे प्रमाण फार वाढले, तर मात्र हालचाल मंदावते आणि शेवटी थांबते.

शुक्रजंतू इतका नाजूक असतो. कृत्रिम रेतनाची कांडी उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नत्रातून काढून कोमट पाण्यात वितळवल्यावर कोरडी पुसतात, कारण आत शिरलेले साधे पाणीही शुक्रजंतूंना मारते. वीर्याच्या भांड्याला साबण, जंतुनाशक किंवा भुलीची जेली लागू न देण्याचे कारण हेच.

माणसांनाही हे लागू आहे. वीर्यतपासणीचा नमुना देताना बधिर करणारी जेली वा फवारा मुळीच वापरू नये. नाहीतर पुरुषात दोष नसताना अहवाल वाईट येतो आणि घरात विनाकारण रडारड होते. मूल हवे असणाऱ्यांनी एरवीही असे फवारे टाळावेत.

मात्र दातासाठी घेतलेल्या इंजेक्शनाने वंध्यत्व येते, ही भीती मनातून काढून टाका. ते औषध रक्तात अगदी थोडे उतरते आणि काही तासांत शरीर त्याची विल्हेवाट लावते. अहवाल खराब आलाच, तर एका कागदावर निकाल लावू नका. दोन ते सात दिवसांचा संयम पाळून, स्वच्छ कोरड्या डबीत, काही न लावता दुसरा नमुना द्या आणि तो तासाभरात प्रयोगशाळेत पोचवा.