भास्कर सावे यांची वाडी

विरारहून उत्तरेस जाणारी आगगाडी डहाणू, घोलवड ओलांडून गुजरातेत शिरते, तेथे उंबरगाव लागते. त्याजवळील देहरी गावचे शेतकरी भास्कर सावे. त्यांचा जन्म १९२२ सालचा.

आरंभी ते प्राथमिक शिक्षक होते. शेतीत पडल्यावर त्यांनी रासायनिक खते वापरली, विकलीही. पीक भरघोस येई. पण हिशेबाच्या वहीत खर्चही वाढतच होता. मग शिल्लक ती काय उरणार! चालता धंदा सोडणे सोपे नसते. साव्यांनी तो सोडला आणि नैसर्गिक शेतीची वाट धरली.

वसईकडे नारळाच्या बुंध्याभोवती पाण्याचे आळे तुम्ही पाहिले असेल. साव्यांच्या ‘कल्पवृक्ष’ वाडीत निराळेच! नारळ-चिकूची झाडे उंचवट्यावर आणि पाणी दूरच्या चरांत. मुळे ओलाव्याच्या शोधात लांबवर पसरतात. पालापाचोळा तेथेच कुजतो. गांडुळे जमीन भुसभुशीत करतात. वाडी अवघी चौदा एकरांची. त्यांतील दोन एकरांत विक्रीसाठी नारळाची रोपे होत व त्यांना मोठी मागणी असे.

२००६ साली, चौऱ्याऐंशी वर्षांच्या या शेतकऱ्याने कृषिशास्त्रज्ञ स्वामिनाथन यांना खुले पत्र लिहून रासायनिक शेतीविषयी रोखठोक जाब विचारला. २०१५ साली, वयाची ९३ वर्षे पूर्ण केल्यावर, ते निवर्तले.