ड्रेडलॉक्स केले, पण पुढची काळजी?

पार्लरमध्ये ड्रेडलॉक्स सुरू करताय? लॉक्स एका दिवसात वळून होतात, पण पक्के बसायला कित्येक महिने लागतात. माझा पहिला कस्टमर भर पावसात ओले लॉक्स बांधून फिरला. आठवड्यात कुबट वास यायला लागला, आणि नाव खराब झालं माझं! कारण काळजी कशी घ्यायची, हे मी सांगितलंच नव्हतं.

म्हणून कस्टमरला कार्डावर छापून द्या:

१. पहिले दोन आठवडे शक्यतो धुऊ नका.
२. नंतर साधा शाम्पू वापरा, कंडिशनर आणि मेण नको. ते आत साचतं.
३. धुतल्यावर टॉवेलने दाबून, ड्रायरने आतपर्यंत सुकवा. रत्नागिरीच्या दमट हवेत, जून ते सप्टेंबर तर नक्कीच.
४. मुळं ४ ते ६ आठवड्यांनी पुन्हा वळून घ्या. फार घट्ट ओढलं तर केस गळतात.

चौथ्या मुद्द्याची अपॉइंटमेंट पहिल्याच दिवशी लिहून घ्या. खरा धंदा तिथेच आहे!