लाल औषध व लाल गहूं

आमच्या विद्यार्थी वाचकांच्या वडीलधाऱ्या मंडळींस लहानपणचें 'लाल औषध' खचित स्मरत असेल. खेळतां खेळतां गुडघा फुटला कीं त्यावर मर्क्युरोक्रोमचा बोळा फिरे, आणि तो तांबडा डाग आम्ही वर्गांत मोठ्या दिमाखानें मिरवीत असूं. त्या औषधांत पारा होता. बाल्टिमोरचे डॉ. ह्यू यंग व त्यांचे सहकारी यांनीं तें १९१९ सालीं वैद्यकांपुढें मांडिलें.

पाऱ्याचे क्षार जंतुनाशक आहेत, असें त्यापूर्वीच १८८१ सालीं रॉबर्ट कॉख यांनीं मर्क्युरिक क्लोराइडचे प्रयोग करून दाखविलें होतें. परंतु १८८९ सालीं गेपर्ट यांनीं त्यांतील एक उणीव काढिली. पाऱ्यास गंधकाची ओढ फार. सजीवांच्या प्रथिनांतील गंधकासच तो चिकटतो. म्हणून गेपर्ट यांनीं गंधकयुक्त द्रव घालून तो सोडविला, तों मेलेले म्हणून गणलेले बीजाणु पुन्हा वाढूं लागले! जंतु मेले नव्हते, केवळ जखडले गेले होते.

मनुष्याची सुटका मात्र इतकी सोपी नाहीं. बियाण्यास बुरशी लागूं नये म्हणून त्यास मिथिल-पाऱ्याचीं संयुगें चोळण्याची चाल पुढें पडली. १९७१ सालीं दुष्काळानें गांजलेल्या इराकांत असें गव्हाचें बियाणें मुख्यतः मेक्सिकोहून आलें. धोका कळावा म्हणून दाणे तांबूस रंगविले होते. पोत्यांवरील सूचना मात्र परक्या भाषेंत. कित्येक ठिकाणीं पेरणी उरकल्यावर पोतीं पोंचलीं, आणि घरांत तर भाकरीची वाण! शेतकऱ्यांनीं दाणे धुतले. रंग गेला, तेव्हां विषही गेलें असें त्यांस वाटलें. कोणीं आधीं कोंबड्यांस चारून पाहिलें. त्यांस चार दिवसांत कांहींच झालें नाहीं. ह्या मंडळींस अडाणी म्हणावें असें आम्हांस वाटत नाहीं. परीक्षा त्यांनीं केलीच होती. पण हें विष आठवडेच्या आठवडे दबा धरून बसतें. मग हातापायांस मुंग्या येतात, तोल जातो, दृष्टि आकुंचित होते. ६,५३० रोगी रुग्णालयांत दाखल झाले व त्यांपैकीं ४५९ तेथेंच मरण पावले. गर्भांतील बालकांच्या मेंदूसही इजा पोंचली.

२०१३ सालच्या मिनामाता करारानें पारायुक्त कीटकनाशकें व जखमेवरील औषधें यांचें उत्पादन आणि आयात-निर्यात २०२० नंतर बंद ठरविली. घरच्या कपाटांत ती जुनी बाटली अद्याप असल्यास मोरींत ओतूं नये.